चुकलेली मापं

६ जून २०००

आज दुकानात बसायला लागले. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून फोटो स्टुडिओ आप्पा एकटेच चालवतात. आप्पा म्हणजे विश्वेश्वर, ह्यांचे मोठे भाऊ. घरात सगळे त्यांना आप्पाच म्हणतात.

कम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर, सगळं ह्यांनीच हौसेनं आणलं होतं. खोकी फोडून महिना झाला नाही तोच मांजरसुंब्याच्या घाटात मोटारसायकल घसरली. मशीनं तशीच चादरीखाली पडून राहिली. मी बीडला राहून फोटोशॉपचा कोर्स केला, तेवढे दिवस माझ्या लेकीला, रुद्राणीला, अक्कांपाशी ठेवलं. अक्का म्हणजे उमाबाई, माझी जाऊ. त्यांना मूलबाळ नाही. रुद्राणीवर त्यांचा एवढा जीव की मी परत आले तेव्हा पोरगी त्यांचा पदर सोडेना.

दुकान दोघा भावांच्या नावावर होतं, ह्यांच्या जागी आता माझं नाव लागलंय. तरी आप्पांनी म्हटल्याशिवाय मी कशी बसणार? मठातल्या स्वामींनी परवा चारचौघांत आप्पांना सांगितलं, "तिला विद्या आली हाय तर बसू द्या की दुकानात." आप्पा लगेच हो म्हणाले. असा भाऊ सगळ्यांना मिळत नाही.

९ जून

वडवणी तालुका झाल्यापासून तहसीलसमोर रोज रांग असते. ज्याला त्याला फोटो पाहिजे. दाखल्याला, अर्जाला, ओळखपत्राला. हे सगळे फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे. फ्रेमचं काम मात्र इंचात: आठ बाय दहा, बारा बाय अठरा. फोटोशॉपला नुसता आकडा टाकला तर तो आकडा कुठल्या मापात धरायचा हे आधी सांगून ठेवावं लागतं. फाइलमधे प्रेफरन्सेस, त्यात युनिट. तिथं इंच होतं, मी सेंटिमीटर करून ठेवलं, कारण रोजचं काम तेच. आता आकडा मारला की एका कागदावर आठ चेहरे ओळीनं बसतात.

प्रिंटरमधून पहिला कागद निघाला तेव्हा ह्यांची फार आठवण आली. त्यांना हे बघायला पाहिजे होतं.

२१ जून

आज एक म्हातारे आले. आप्पा पुढं झाले तर म्हणाले, "तुम्ही नका, त्या कम्प्युटरवाल्या बाईला काढू द्या. लई झ्याक काढती म्हणं." मला लाजल्यासारखं झालं. आप्पा हसले आणि बाजूला सरकले. वीस वर्षं कॅमेरा धरलेला माणूस, पण एवढाही राग नाही.

सायंकाळी म्हणाले, "मला पण थोडं शिकव बरं." मी माउस धरायला दिला. त्यांचा बाण सगळ्या पडद्यावर उधळायला लागला, आम्ही दोघंही हसलो. मी म्हटलं आधी फाइल उघडायची शिकू. ते म्हणाले, "बाकी ऱ्हाऊ दे. त्या मापाचं कुठं असतंय तेवढं दाखव." मी दाखवलं. त्यांनी माझ्यासमोर दोनदा करून बघितलं. एकदा इंच, एकदा परत सेंटिमीटर. बरोबर जमलं.

त्यांना शिकायची एवढी हौस असेल असं वाटलं नव्हतं.

२७ जून

चूक झाली. कन्याशाळेच्या पोरी अर्जाच्या फोटोला आल्या होत्या, आज शेवटची तारीख. मी नेहमीसारखे आकडे मारले आणि प्रिंट दिली. कागदावर एकच चेहरा आला, हे एवढं नाक! युनिट इंचावर गेलेलं. पोरी खिदळल्या. पुन्हा सगळं करेपर्यंत वीज गेली आणि दोघींचा अर्ज राहिला. त्यातली एक पायरीवर बसून रडत होती. तिचा बाप मला म्हणाला, "येत न्हाई तर कावून बसता बाई लोकाच्या जिवावर?"

काल वीज अचानक गेली होती, त्यानं सेटिंग पुसलं असेल. आता रोज सकाळी आधी बघायचं.

३ जुलै

सकाळी बघितलं. सेंटिमीटरच होतं. दुपारी जेवून आले, सरळ कामाला लागले, आणि पुन्हा तेच. इंच.

मी आप्पांना विचारलं, "तुम्ही काही हात लावला होता का?" ते गल्ल्यावर बसले होते. हळूच म्हणाले, "मला माउस तरी धरता येतो का ग?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी मला ही खुर्ची दिली त्यांनाच मी असं विचारलं.

घरी आल्यावर अक्कांनी पण ऐकवलं. "स्वतःचं चुकलं तर चुकलं म्हणावं. घरच्यावर कशाला ढकलती?" बरोबरच आहे.

११ जुलै

निवृत्त होणाऱ्या गुरुजींच्या सत्काराची फ्रेम होती, आठ बाय दहा. ह्यावेळी मी आठवणीनं इंच केलं होतं. मोठं काम आम्ही सीडीवर बीडच्या लॅबला देतो, तिथून परस्पर गावकऱ्यांकडं गेलेली फ्रेम तळहाताएवढी. आठ बाय दहा सेंटिमीटर. गावकरी ती घेऊन आले आणि त्यांनी ती गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर आपटली. काचेचा तुकडा माझ्या हाताला लागला. आप्पांनी त्यांची माफी मागितली, म्हणाले, "तिचा नवरा गेल्यापासून तिचं ध्यान नसतं. मी भरून देतो."

रक्त पुसायला कापूसही त्यांनीच दिला.

१६ जुलै

दुकानासमोर केसरबाई फुलं विकायला बसतात. आज रुद्राणीसाठी गजरा देता देता म्हणाल्या, "परवा तू घरी गेल्यावर तुझे आप्पा शटर अर्धं खाली घेऊन त्या मशीनपाशी बसलेते की. कालपण बसलेते." मी म्हटलं, शिकतात ते. केसरबाई म्हणाल्या, "शिकतात?" आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळल्या.

मला आप्पांचं कौतुकच वाटलं. माझ्यासमोर शिकायला त्यांना लाज वाटत असेल. मी काहीच माहीत नसल्यासारखं दाखवणार.

२५ जुलै

माझ्या माहेराहून, युसूफ वडगावहून, बाबा आले होते. मन्मथप्पा म्हटलं की तिकडं सगळे ओळखतात, पण इथं आले की ओसरीच्या कडेलाच बसतात. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मशीन काय जनावर हाय व्हय, आपली आपण कूस बदलायला? कुणाचा तरी हात लागत असंल, पोरी."

"कुणाचा लागणार बाबा?"

"दुकानाची चावी कुणाकडं असती?"

मला एवढा राग आला. मी म्हटलं, ज्या घरात मी खाते त्या घराबद्दल असं बोलू नका. बाबा टोपी उचलून उठले. मी त्यांना बसपर्यंत सोडायलाही गेले नाही. आता वाईट वाटतंय. पण आप्पांच्या कानावर गेलं असतं तर?

४ ऑगस्ट

रुद्राणी हरवली होती.

हरवली नव्हती, बालवाडीच्या फाटकाशी एकटी उभी होती. रोज अक्का आणतात. आज सगळी मुलं गेली, बाई कुलूप लावून गेल्या, आणि पोरगी तिथंच. एका रिक्षावाल्यानं ओळखून दुकानात आणून सोडली. रडून रडून तिचा घसा बसला होता. मी धावत घरी गेले तर अक्का गहू निवडत बसल्या होत्या.

"सकाळीच सांगितलं न्हाई का तुला, आज तू आण म्हणून? तू बरं म्हणालीस की."

मला आठवत नाही. मी खूप आठवून बघितलं. सकाळी मी वेणी घालत होते, अक्का दारात आल्या होत्या, एवढं आठवतं. काय बोलल्या ते आठवत नाही. मी बरं म्हटलं असेल का? अक्का खोटं कशाला बोलतील? त्यांनी रुद्राणीला उचललं, तोंड धुतलं, दूध पाजलं. ती माझ्याकडं आली नाही.

मापं विसरणं वेगळं. हे वेगळं.

१२ ऑगस्ट

मोठं काम आलंय. अमरसिंह बापूंच्या आई सत्यशीलाबाई मागच्या श्रावणात गेल्या, त्यांचं वर्षश्राद्ध आहे. बापू म्हणजे इकडच्या दहा-बारा गावांत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. आईचा एकच फोटो आहे, लग्नातल्या घोळक्यातला, घडी पडून चिरलेला. त्याचा वीस बाय चोवीस इंचाचा फोटो पाहिजे. फ्रेम सागवानी, आधीच करून ठेवलीय.

बापू स्वतः दुकानात आले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "ही करणार?" मला वाटलं आप्पा नाही म्हणतील. पण आप्पा म्हणाले, "तीच करणार बापू. तिच्या हातात कला हाय."

एवढं सगळं होऊनही. मला रडू आलं.

१८ ऑगस्ट

गालावरची चीर मी कणाकणानं भरली. दुसरं काही काम घेतलं नाही. डोळ्यांत थोडा उजेड आणला. शेजारच्या बाईचा खांदा काढून तिथं पदराची किनार ओढली. आज पूर्ण झालं तेव्हा सत्यशीलाबाई आत्ता बोलतील अशा दिसत होत्या. मी तीन वेळा माप बघितलं. वीस बाय चोवीस, पुढं इंच. अक्षर अक्षर वाचलं. रुद्राणीच्या नावानं शपथ घेऊन सांगते, इंच होतं.

सीडी करायला बसले तर आप्पा म्हणाले, "तू जा घरी, पोरगी वाट बघत असंल. सीडी मी करतो, उद्या बीडला मीच चाललोय." मला वाटलं नव्हतं त्यांना सीडी करता येत असेल. एवढ्या थोड्या दिवसांत किती शिकलेत.

२१ ऑगस्ट

लिहू की नको असं झालंय.

आप्पांनी काल बीडहून फोटो आणला, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून चिकटपट्टी लावलेला. म्हणाले, "उघडू नको, सुरकुती पडंल. तिथंच उघड. आन् तूच घेऊन जा. काम तुझं हाय, शाबासकी तुलाच मिळू दे." बापूंनी जीप पाठवली होती. मी ह्यांच्या वेळची निळी साडी नेसून गेले. कुणीतरी माझं काम बघणार म्हणून नेसले.

मांडवात शंभरावर माणसं. भटजी बसलेले, हार तयार, पाटावर ती मोठी फ्रेम उघडी ठेवलेली. बापू म्हणाले, "काढ बाई." मी नळी उघडली. फोटो हातात आला तेव्हाच मला कळलं. वहीच्या पानाएवढा होता. वीस बाय चोवीस सेंटिमीटर. तरी बापूंनी तो माझ्या हातातून घेतला आणि फ्रेमच्या मधोमध ठेवला. चहूबाजूंनी नुसता पांढरा पुठ्ठा, आणि मधे त्यांची आई, एवढीशी.

मागून कुणीतरी म्हणालं, "बापू, माय लई आखडली की." आणि हशा पिकला. वर्षश्राद्धाच्या मांडवात.

बापू हसले नाहीत. आवाज पण चढवला नाही. म्हणाले, "उचल ती फ्रेम." मी उचलली. जड होती. "छातीशी धर. हां. आता उभी ऱ्हा तिथं खांबापाशी. येणाऱ्या जाणाऱ्याला दिसू दे, माझ्या आईचं काय केलं ते." मी उभी राहिले. बायका येत होत्या, फ्रेमकडं बघत होत्या, मग माझ्या कपाळाकडं बघत होत्या. एकजण दुसरीला म्हणाली, "हिला शुभ-अशुभाच्या जागी बोलवलंच कावून?" हात भरून आले तशी मी फ्रेम थोडी खाली घेतली, तर बापूंचा माणूस म्हणाला, "वर धर."

किती वेळ ते माहीत नाही. मग आप्पांची स्कूटर आली. त्यांच्या हातात दुसरी नळी होती. आत सत्यशीलाबाई, पुऱ्या वीस बाय चोवीस इंचाच्या, फ्रेममधे काठोकाठ बसल्या. बापूंनी आप्पांना छातीशी धरलं.

"मला शंका आलती बापू," आप्पा म्हणाले. "हिचं काम हाय म्हणल्यावर मी लॅबवाल्याकडून दुसरी प्रत करून ठेवलीती." मग हात जोडून म्हणाले, "घरातली विधवा हाय. डोकं थाऱ्यावर नसतं तिचं. तिला पदरात घ्या."

बापू म्हणाले, "विश्वेश्वर, तुझ्यासाठी सोडतो."

देवासारखे आले. मी वाटभर स्कूटरवर मागं बसून रडत होते. ते एकदा फक्त म्हणाले, "साडी सांभाळ, चाकात जाईल."

२२ ऑगस्ट

सकाळी दुकानात जाऊन फाइल उघडली. वीस बाय चोवीस. पुढं सेंटिमीटर.

मी मशीन बंद केलं. माझ्या डोळ्यांनी इंच वाचलं होतं. म्हणजे आता डोळ्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. फक्त एक गोष्ट कळत नाही, आप्पांना शंका आली तर त्यांनी मला आधी का नाही सांगितलं. अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझं मन मोडू नये म्हणून."

१४ सप्टेंबर

दुकानात जात नाही. घरात पण काही ना काही होतं. परवा भाजीत दोनदा मीठ. मी एकदाच टाकल्यासारखं आठवतं. अक्का रागावल्या नाहीत, नुसती पातेल्यावर झाकणी ठेवली आणि आप्पांकडं बघितलं.

मीही आता स्वतःकडं तसंच बघायला लागले आहे.

९ ऑक्टोबर

हक्कसोडपत्रावर सही केली. आप्पांनी घाई केली नाही, म्हणाले, "सावकाश विचार कर. तुझ्या डोक्यावरचा भार कमी व्हावा एवढंच माझ्या मनात हाय. पुढं बापूसारख्या कुणी दावा लावला तर तुझं नाव नको मधे." रजिस्ट्रारनं विचारलं, "राजीखुशीनं देता का?" मी हो म्हटलं. खरंच राजीखुशीनं दिलं. ह्यांनी उभं केलेलं दुकान माझ्या हातून बुडण्यापेक्षा ते आप्पांच्या हातात बरं.

बाहेर आल्यावर आप्पांनी मला उसाचा रस पाजला. खूप दिवसांनी ते मोकळे हसले.

३० ऑक्टोबर

दिवाळी झाली. अक्कांचा भाचा बसलिंग आता कम्प्युटरवर बसतो. लातूरला शिकून आलाय. मी त्याला मुद्दाम विचारलं, "ते युनिट आपलं आपण बदलतं का रे कधी?" तो म्हणाला, "असं कसं बदलंल काकू? एकदा लावलं की लावलं."

म्हणजे माझंच होतं. बाबांचं ऐकलं असतं तर आप्पांवर केवढा अन्याय झाला असता.

१५ नोव्हेंबर

अक्कांनी सुचवलं की मी काही दिवस माहेरी राहावं, डोक्याला विश्रांती मिळेल. रुद्राणीला तिथंच ठेवायचं ठरलं. इकडं इंग्रजी शाळा नाही. आणि अक्कांनी हळूच म्हटलं, "तुझ्याबरोबर ती एकटी... त्या दिवशी फाटकाचं आठवतंय ना?" आठवतंय. रोज आठवतं. तिला काही झालं असतं तर?

आज सकाळी मी निघाले तेव्हा ती झोपलेली होती. अक्का म्हणाल्या उठवू नको, रडंल. मी उठवलं नाही.

२० जानेवारी २००१

युसूफ वडगाव. बाबा माझ्याशी त्या विषयावर बोलत नाहीत. केजला एकानं कम्प्युटरची शिकवणी काढलीय, त्याचा निरोप आला होता, शिकवायला येणार का म्हणून. बाबांच्या तोंडावर किती दिवसांनी उजेड दिसला. मी नाही म्हणून कळवलं. लोकांच्या पोरांना मी चुकीचं शिकवलं तर?

बाबा परसात जाऊन बसले. त्यांची पाठ हलत होती. मी गेले नाही जवळ.

१८ जून

रुद्राणीचा शाळेचा पहिला दिवस, म्हणून वडवणीला गेले. आधी कळवलं होतं, आप्पा ये म्हणाले.

दुकान ओळखू येत नाही. काचेचं दार, आत पंखे, दारावर एकट्या आप्पांचं नाव. नवीन गणवेशात रुद्राणीचा फोटो काढायचा होता. आप्पा आणि अक्का खुर्च्यांवर बसले, मधे रुद्राणी उभी राहिली, दोघांच्या खांद्यांवर एक एक हात ठेवून. दोन वेण्या, लाल फिती. बसलिंग कॅमेऱ्यातून बघत होता. म्हणाला, "काकू, तुम्ही जरा बाजूला व्हा, सावली पडती." मी बाजूला झाले.

फोटो पडद्यावर आला. फार सुरेख. बसलिंगनं विचारलं, "आप्पा, हॉलमधे लावायचा हाय न्हवं? काय माप धरू?" आप्पा फोनवर होते. म्हणून त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मला नको विचारू रे. माझं चुकतं."

चारच्या बसनं निघाले. अक्का आणि रुद्राणी स्टँडपर्यंत आल्या होत्या. बस लागली तशी रुद्राणी माझ्याजवळ आली, माझ्या बांगड्या फिरवत उभी राहिली.

"काकू, तुमी परत कधी येणार?"

अक्का तिकडं शेंगावाल्याकडं बघत होत्या.

मी म्हटलं, "आई म्हणेल तेव्हा."